रिकामे हात आणि रबरी कळा

परदेशातील एखाद्या लोकसमूहाने शस्त्र न उचलता सत्तेला नमविले, की आपल्याकडे त्याचे कौतुक मोठ्या मनाने होते. सत्याग्रह हा शब्दच आपण जगाला दिला असल्यामुळे त्या कौतुकात थोडी आपुलकी असते, आणि खरे सांगावयाचे तर थोडा मालकीहक्कही असतो. कुठे दूरवर माणसे मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उभी राहिली, की आपल्याला साबरमती आठवते आणि आपलेच नाणे परमुलखात खणखणीत वाजल्याचे समाधान लाभते. चेकोस्लोव्हाकियात १९८९ च्या नोव्हेंबरात झालेल्या सत्तापालटाविषयी आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समाधान बाळगून होतो. 'मखमली क्रांती' हे तिचे नावच असे, की नुसता हात फिरवावा आणि मऊ लागावे. पुढे एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीने या समाधानाला खोच पडली. ती गोष्ट म्हणजे संगणकावरचा एक पोरखेळ.

पोरखेळ हा शब्द आम्ही हेटाळणीने योजिलेला नाही. आमच्या स्वतःच्या बालपणातील कितीतरी दुपारी अशाच खेळांत गेल्या, आणि त्या वाया गेल्या असे आजही म्हणवत नाही. आम्ही इंदुरात रामबागेत वाढलो. १९८६ च्या सुमारास आमचे मामा विलायतेहून एक काळे यंत्र घेऊन आले. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम तो हाच. शाळेच्या पाटीहून आकाराने लहान. त्याच्या कळा करड्या रबराच्या, बोटाखाली खोडरबरासारख्या दबणाऱ्या. आणि स्मृती अवघी ४८ किलोबाइट, ज्यात आजच्या खिशातल्या फोनने काढलेले एक साधे छायाचित्रही मावणार नाही. भारतात डेसिबेल्स नावाच्या कंपनीने परवाना घेऊन याच यंत्राची पुढली आवृत्ती १९८८ मध्ये विक्रीस आणली, पण तोवर आम्ही मोहल्ल्यात मोठी मानाची मुले होऊन बसलो होतो.

या यंत्राला पडदा नव्हता; तो घरच्या दूरचित्रवाणी संचाचा घ्यावयाचा. बाहेरून माहिती आणण्याचे साधन म्हणजे साधा कॅसेटवादक. खेळ ध्वनिफितीत साठविलेला असे, आणि तो यंत्रात उतरत असताना जी किंकाळी घरभर घुमे तिचे वर्णन शब्दांत करणे कठीण आहे. आजी माजघरातून विचारी, "अरे, त्याला काही दुखतंय का?" पाच-पाच मिनिटे ती किंकाळी ऐकत आम्ही श्वास रोखून बसत असू, आणि शेवटच्या क्षणी फीत वाचताना चूक झाल्याची एक ओळ उमटे. मग फीत मागे फिरवावयाची, वादकाचे मस्तक कापसाच्या बोळ्याने पुसावयाचे, आवाज किंचित कमी करावयाचा, आणि पुन्हा प्रारंभ. फीत वाचली जात असता पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावतात असे मामा सांगत. आमच्या घरचा संच कृष्णधवल असल्यामुळे आम्हाला ते करडेच दिसत. पुढे तीस वर्षांनी ते पट्टे प्रथम रंगांत पाहिले, तेव्हा काही मिळाल्यापेक्षा काही हरवल्यासारखेच वाटले.

आमचा आवडता खेळ 'मॅनिक मायनर' होता. मॅथ्यू स्मिथ नावाच्या एका कोवळ्या इंग्रज तरुणाने तो १९८३ मध्ये एकट्याने रचला. विली नावाचा खाणकामगार वीस गुहांतून वाट काढतो. गुहेतील हवा क्षणाक्षणाला संपत जाते. विखुरलेल्या वस्तू गोळा केल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. पहिल्या गुहेत त्या वस्तू म्हणजे किल्ल्या असत. तीन जीव मिळत, आणि ते संपले म्हणजे वरून एक भला मोठा बूट सावकाश खाली येई व विलीला चिरडून टाकी. तो बूट कोणाचा, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. आम्ही हसत असू आणि पुन्हा तीन जीव घेऊन उभे राहत असू.

शेजारच्या घरी असेच एक यंत्र आले तेव्हा फितींची देवघेव सुरू झाली. कोरी कॅसेट आणावयास पैसे नसत, म्हणून आम्ही वडिलांच्या नाट्यसंगीताच्या एका फितीवर खेळ उतरवून घेतला. बालगंधर्वांचे पद रंगात आले असता मध्येच ती किंकाळी फुटली, तेव्हा वडिलांचे मुखमंडल जे झाले ते आम्ही अद्याप विसरलेलो नाही. असो.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की त्याच वर्षांत, त्याच रबरी कळांवर, पाच-सहा हजार किलोमीटरांवरच्या प्रागमध्येही मुलांची बोटे चालत होती, आणि तीही अशीच एका फितीवरून दुसऱ्या फितीवर खेळ उतरवून घेत होती. यंत्र एक, किंकाळी एक, चोरटी नक्कलही एक. फक्त खेळांत काय घालावे याविषयी त्यांचे आणि आमचे मार्ग वेगळे झाले.

चेकोस्लोव्हाकियात संगणकाच्या खेळांचा बाजार असा नव्हताच. बाहेर गेलेले नातेवाईक सामानात लपवून यंत्र आणीत. तुझेक्स नावाच्या सरकारी दुकानांत परकीय चलनाच्या मोबदल्यात काही परदेशी यंत्रे मिळत. आणि १९८७ पासून स्लोव्हाकियातील स्कालित्सा या गावी स्पेक्ट्रमचीच देशी प्रतिकृती 'दिदाक्तिक गामा' या नावाने बनू लागली. ज्या मंडळांत मुले जमत ती स्वाझार्म या संघटनेची होती. स्वाझार्म म्हणजे सैन्याशी सहकार्य करणारा संघ. १९५१ मध्ये स्थापन झालेला. तरुणांना मोटारी, बिनतारी संदेश, विमानांचे नमुने यांची गोडी लावून त्यातून देशाला उपयोगी शिपाई घडवावेत, हा त्याचा हेतू. राज्यसत्तेने सैनिकी शिक्षणासाठी उघडलेल्या खोलीत मुले विमानांऐवजी नस्त्या गोष्टी रचीत बसली, याहून मनोरंजक घटना इतिहासात थोड्याच सापडतील.

त्या मुलांनी जे खेळ स्वतः रचले त्यांत चित्रांचे खेळ होतेच. पण खरी भरभराट झाली ती शाब्दिक खेळांची. पडद्यावर मजकूर येतो: तुम्ही अमुक जागी आहात, समोर अमुक वस्तू आहे, उत्तरेस वाट आहे. खेळणाऱ्याने आज्ञा द्यावयाची: उत्तरेस जा, दिवा घे, दार उघड. एवढाच खेळ. यास चित्रकला येण्याची गरज नाही, फारशी स्मृती लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तो आपल्या भाषेत लिहिता येतो. चेक भाषेत या प्रकाराला एक लाडके नाव मिळाले, आणि शेकडो मुलांनी तो हाताळला. १९६८ साली जन्मलेल्या फ्रांतिशेक फुका या प्रागच्या तरुणाने १९८५ पासून अमेरिकन चित्रपटातील इंडियाना जोन्स हा साहसी पुरातत्त्वज्ञ नायक घेऊन शाब्दिक खेळ रचले, आणि तो टोपीवाला वीर चेक मुलांच्या घरचाच झाला. फुकाचा मित्र मिरोस्लाव फीडलर याने १९८८ मध्ये 'प्रेस्तावबा' नावाचा खेळ काढला. प्रेस्तावबा म्हणजे पुनर्रचना. गोर्बाचेव्ह यांच्या घोषणेचे सरकारी चेक भाषांतर. खेळाचा प्रकाशक म्हणून जे नाव घातले त्याची आद्याक्षरे पक्षाच्या मध्यवर्ती समितीची होती. थट्टा करावी तर अशी, की थट्टेखाली थट्टेच्या धन्याचाच शिक्का असावा.

हे राज्य कोणत्या पायावर उभे होते ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. १९६८ च्या वसंतात अलेक्झांडर दुबचेक यांनी साम्यवादाला माणसाचा चेहरा देण्याचा प्रयत्न चालविला, आणि २० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा करारातील राष्ट्रांचे रणगाडे देशात शिरले. त्या दिवसांतील प्रतिकार पुष्कळ अंशी निःशस्त्र होता. लोकांनी रस्त्यांच्या पाट्या काढल्या, म्हणजे परक्या सैन्याला वाट सापडू नये. तरुणांनी रणगाड्यांवर चढून आतल्या सैनिकांशी रशियन भाषेत हुज्जत घातली, कारण ती भाषा त्यांना शाळेत सक्तीने शिकविलेली होती. तरीही शंभरावर माणसे प्राणास मुकली. आपल्या सरकारने या प्रसंगी काय केले हेही आठवावे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. मंत्रिमंडळातील अशोक मेहता यांना ते सहन झाले नाही आणि त्यांनी राजीनामा दिला. ज्यांनी बेचाळीसच्या लढ्यात तुरुंग पाहिला होता त्या माणसाला प्रागचे दुःख स्वतःच्या घरचे वाटले. बाकीच्यांना ते परराष्ट्रधोरण वाटले. परदेशच्या शांततामय लढ्यांविषयीचे आपले प्रेम कोठवर पोचते, याचे हे एक माप आहे.

१६ जानेवारी १९६९ रोजी यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रागच्या वेन्सेस्लास चौकाच्या माथ्याशी स्वतःला पेटवून घेतले, आणि तीन दिवसांनी तो मरण पावला. त्याच्या मागण्या होत्या त्या वृत्तपत्रांवरील नियंत्रण उठावे आणि आक्रमकांच्या प्रचारपत्राचे वाटप थांबावे अशा. कोणालाही अवाजवी वाटू नयेत इतक्या साध्या. या कृत्याचे गौरवगान आम्ही करणार नाही. वीस वर्षांच्या मुलाने जगावे, असेच आम्हाला वाटते. परंतु सत्तेला त्याचे किती भय वाटले ते पाहा: १९७३ मध्ये त्याचे थडगे उकरून अवशेष जाळण्यात आले आणि रक्षेचा कलश त्याच्या आईकडे गावी पाठविण्यात आला, म्हणजे प्रागमध्ये फुले वाहावयास जागा उरू नये. तो कलश १९९० मध्ये प्रागला परतला.

त्यानंतरची वीस वर्षे म्हणजे नुसती शांतता. राजवट तिला 'सामान्यीकरण' म्हणे. या काळाचे सर्वांत मर्मग्राही वर्णन नाटककार वात्स्लाव हावेल यांनी १९७८ मधील आपल्या 'शक्तिहीनांची शक्ती' या प्रबंधात केले आहे. त्यातला भाजीवाला प्रसिद्ध आहे. तो दुकानाच्या खिडकीत कांदे-गाजरांच्या मधोमध कामगारांच्या एकजुटीची घोषणा लावतो. त्या घोषणेवर त्याचा विश्वास नसतो, लावावयास सांगणाऱ्याचाही नसतो, परंतु न लावल्यास त्रास होईल एवढे दोघांनाही ठाऊक असते. हावेल यांच्या मते अशा लहानसहान खोटेपणांच्या विटांवर ती सत्ता उभी होती, आणि म्हणून ज्या दिवशी भाजीवाला पाटी काढून ठेवील त्या दिवशी त्याने सत्याने जगावयास आरंभ केला असे होईल. सत्याग्रह या शब्दाची फोड ज्यांना लहानपणी शाळेत शिकविली गेली त्या आपल्या पिढ्यांना यावर अधिक भाष्य नको. हावेल यांना पुढे भारत सरकारने २००३ सालचा गांधी शांतता पुरस्कार दिला, हे उचितच झाले. मात्र ते १९८९ च्या जानेवारीत पुन्हा तुरुंगात गेले तेव्हा ती बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली, हे विचारू नये.

तर तो जानेवारी. पालाखच्या मृत्यूला वीस वर्षे होत होती. १५ जानेवारीपासून आठवडाभर लोक वेन्सेस्लास चौकात फुले घेऊन येत राहिले, आणि पोलीस त्यांना दंडुके, पाण्याचे मारे व अश्रुधूर यांनी पांगवीत राहिले. हावेल १६ तारखेस पकडले गेले. पकडलेल्यांची संख्या शेकड्यांत गेली. भर थंडीत अंगावर पाण्याचा लोट घेणे म्हणजे काय, हे ज्यांना मध्य युरोपातील जानेवारी ठाऊक आहे त्यांनाच कळेल.

या प्रसंगानंतर प्रागमधील फितीफितींतून एक नवा शाब्दिक खेळ हातोहात फिरू लागला. त्याचे नाव लांबलचक होते: 'इंडियाना जोन्सची साहसे – प्रागच्या वेन्सेस्लास चौकात, दिनांक १६ जानेवारी १९८९'. कर्त्याने स्वतःचे नाव दिले नव्हते, आणि ते देणे शहाणपणाचेही नव्हते. खेळ छोटा आहे. परदेशी वीर त्या दिवशी त्या चौकात सापडला आहे. सभोवती पोलीस आहेत. त्याला तेथून निसटून मायदेश गाठावयाचा आहे. पाऊल चुकले की मार, आणि माराअंती मरण. खेळणाऱ्या मुलाला हा अनुभव वारंवार येतो; आणि रानावनांतील साप, शापित देवळे, मारेकरी यांना पुरून उरलेल्या या वीराला आमच्या शहराच्या मुख्य चौकात मात्र दोन पावले धड टाकता येत नाहीत, हे त्या निनावी कर्त्याने कोणतेही भाष्य न करता सांगून टाकले आहे. चार्ल्स विद्यापीठातील संशोधक यारोस्लाव श्वेल्ख यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या खेळांचा इतिहास मांडला, तेव्हा जगाला त्यांची खरी ओळख झाली, आणि आम्हालाही.

आमच्या समाधानाला खोच पडली ती येथे. कारण या खेळातला इंडियाना मेणबत्ती लावीत नाही, खाली बसत नाही, फुले देत नाही. तो पोलिसांना ठार मारतो. आणि ते मारणे ज्या चवीने लिहिले आहे त्यावरून लिहिणाऱ्याच्या मनातील संताप किती खोल होता ते सहज कळते. शांततामय क्रांती घडविणारे लोक म्हणजे स्वभावानेच सौम्य, बिअरचा पेला समोर ठेवून विनोद करणारे, असे एक गोजिरवाणे चित्र आम्ही मनाशी रंगविले होते. त्या खेळाने ते पुसले. पालाखच्या स्मृतीला फुले वाहणाऱ्या गर्दीच्या आणि त्या फितीवरील रक्तपाताच्या मध्ये फार तर एका रस्त्याचे अंतर होते.

आता नोव्हेंबरकडे येऊ. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी चेक विद्यापीठे बंद केली आणि नऊ विद्यार्थी-पुढाऱ्यांचे प्राण घेतले. त्याला निमित्त झाले ते यान ओप्लेताल या वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या अंत्ययात्रेचे. त्या घटनेच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, १९८९ मध्ये, प्रागच्या विद्यार्थ्यांनी आल्बर्टोव येथून मिरवणूक काढली. तिला रीतसर परवानगी होती. विशेह्रादच्या टेकडीवर, कवी माखा याच्या समाधीपाशी, ती विसर्जित व्हावयाची होती. ती झाली नाही. हजारो विद्यार्थी नदीच्या काठाने शहराच्या मध्याकडे निघाले, आणि नारोदनी या राजरस्त्यावर पोलिसांच्या भिंतीने त्यांना अडविले. मागूनही वाट बंद झाली. मुली पोलिसांच्या ढालींत फुले खोवू लागल्या. मुलांनी जमिनीवर मेणबत्त्या लावल्या आणि बसून घेतले. आपले हात रिकामे आहेत, एवढेच ती मुले हात वर करून ओरडत राहिली. मग मार सुरू झाला. एका चिंचोळ्या कमानीखालून बाहेर पडण्याची वाट ठेवलेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंस दंडुके उगारलेले होते. शेकडो मुले जखमी झाली. एक विद्यार्थी मेल्याची आवई उठली. ती खोटी होती, परंतु लोक ती खरी मानावयास तयार होते, यातच राजवटीचा निकाल लागला होता.

पुढचे फार झपाट्याने झाले. नटांनी दुसऱ्याच दिवशी संप पुकारला, आणि नाट्यगृहांत नाटकाऐवजी सभा होऊ लागल्या. नाटकवेड्या मराठी माणसाला हे वाचून जरा हेवाच वाटतो. १९ नोव्हेंबरला प्रागमध्ये नागरिक मंच स्थापन झाला, त्याच सुमारास ब्रातिस्लाव्हात 'हिंसेविरुद्ध जनता' ही संघटना उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून वेन्सेस्लास चौक रोज भरू लागला. २४ तारखेस दुबचेक सज्जात येऊन उभे राहिले. त्याच संध्याकाळी पक्षाचे मुख्य चिटणीस मिलोश याकेश यांनी पद सोडले. २७ तारखेस दुपारी दोन तासांचा देशव्यापी संप. २९ डिसेंबर रोजी हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. वर्षारंभी ते त्याच शहरात कैदी होते.

आणि किल्ल्या. चौकातल्या लाखो माणसांनी खिशांतून घराच्या, मोटारींच्या, कपाटांच्या किल्ल्या काढल्या आणि डोक्यावर धरून वाजविल्या. शाळा सुटल्याची घंटा व्हावी तसा तो नाद. आता आपापल्या घरी जा, असे सत्ताधाऱ्यांना सांगणारा. ज्या मुलांनी वर्षानुवर्षे गुहेतल्या किल्ल्या गोळा केल्या होत्या तीही त्या गर्दीत असणार. मराठीत यंत्राच्या बटणाला आपण कळ म्हणतो, आणि कळ हा वेदनेलाही शब्द आहे. चेक भाषेत अशी सोय आहे की नाही कोण जाणे.

मग प्रश्न असा पडतो, की जानेवारीतला तो संताप नोव्हेंबरात गेला कोठे? खेळात पोलीस मारून मुलांच्या मनाची वाफ निघून गेली आणि म्हणून ती रस्त्यावर शांत राहिली, असे उत्तर कोणी देईल. ते उत्तर आम्हाला फार सोयीचे वाटते, म्हणूनच पटत नाही. एवढ्याशा खेळाने एका राष्ट्राची वाफ निघत नसते. आम्हाला वाटते, संताप कोठेही गेला नव्हता. तो त्या रिकाम्या हातांतच होता, आणि हात रिकामे ठेवण्याचा निश्चय रोज सकाळी नव्याने करावा लागत होता. मखमल हे नाव बाहेरून पाहणाऱ्यांना शोभते. नारोदनी रस्त्यावर ज्याचा हात मोडला त्याला ते किती मऊ लागले असेल?

यात दैवाचाही वाटा होता, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पक्षाची सशस्त्र जनसेना राजधानीत बोलावली गेली होती. ती वापरली गेली नाही. १९६८ पासून देशात तळ ठोकून बसलेले सोव्हिएत सैन्य छावण्यांतून बाहेर पडले नाही. त्याचा अखेरचा भाग जून १९९१ मध्ये परत गेला. याच १९८९ साली, जूनच्या आरंभी, पेकिंगच्या तिएनआनमेन चौकातही विद्यार्थ्यांचे हात रिकामेच होते. तेथे रणगाडे आले. तेव्हा प्रागचे कौतुक करताना ते यशाचे कौतुक होऊ देऊ नये. यश मिळणार हे जानेवारीत पाण्याचा मारा अंगावर घेणाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि फितीवर नाव न घालता खेळ लिहिणाऱ्यालाही नव्हते. सरकारी पत्रांतून निदर्शक समाजकंटक ठरत असता त्या तारखेची नोंद एका पोराने आपल्या भाषेत, आपल्या हाती असलेल्या एकमेव छापखान्यात करून ठेवली. त्या नोंदीत हिंसा आहे, आचरटपणा आहे, परंतु तारीख आणि जागा बिनचूक आहे. बखरकाराकडून याहून अधिक आपण मागत नाही.

आम्ही त्या नोव्हेंबरात काय करीत होतो, हे आम्हाला अलीकडे अकस्मात कळले. रामबागेतले घर रिकामे करावयाचे ठरले तेव्हा माळ्यावरच्या पेटीत ते काळे यंत्र सापडले. रबर चिकट झाले होते. नाट्यसंगीताची ती फीतही होती, पण तिला बुरशी धरली होती. त्यांच्याखाली एक चौकटींची वही मिळाली. बेसिक भाषेत लिहिलेला, आम्ही आणि शेजारच्या मित्राने मिळून रचलेला, एक संपूर्ण खेळ तीत होता. त्या महिन्यात कराचीच्या कसोटीत सोळा वर्षांचा सचिन तेंडुलकर प्रथमच उतरला होता, आणि वकार युनूसने पंधरा धावांवर त्याचा त्रिफळा उडविला होता. आमच्या खेळात सचिन म्हणजे एक शून्य, आणि चेंडू म्हणजे एक फुली. फुली कितीही वेगाने आली तरी शून्य बाद होत नसे, कारण तशी ओळच आम्ही लिहिली नव्हती. पानाच्या कोपऱ्यात शाईने तारीख घातली आहे: २७ नोव्हेंबर १९८९.

त्याच पानाच्या पाठीमागे वडिलांच्या हस्ताक्षरात आकडे आहेत. लोकसभेचे मतदान आदल्या दिवशी संपले होते, आणि आकाशवाणीवर निकाल ऐकताना हाताशी आली ती वही त्यांनी ओढून घेतली असावी. काँग्रेस, जनता दल, भाजप असे तीन रकाने, खोडाखोड पुष्कळ, जनता दलाचा रकाना समासाबाहेर गेलेला. त्या दुपारी प्रागमध्ये बारा ते दोन सारे व्यवहार थांबले होते. आम्ही पान उलटसुलट करून पाहिले. पेन्सिलीने केलेली एक बेरीज होती, मामांचा दूरध्वनी क्रमांक होता, आणि आमच्या मित्राने काढलेले विलीचे एक चित्र, ज्याच्यावर बूट अजून पुरता उतरलेला नव्हता.